हाक मारणाऱ्याची जबाबदारी

तीन तासांच्या पेपरला अंध विद्यार्थ्याचा लेखनिक म्हणून बसायचं तर एकूण किती वेळ द्यावा लागतो, हे मी दरवर्षी नव्या मुलामुलींना फळ्यावर मांडून दाखवते. पेपर तीन तासांचा. अंध विद्यार्थ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे झाले चार तास. केंद्रावर पाऊण तास आधी पोचायचं, कारण ओळखपत्र, फोटो आणि परवानगीचं पत्र तपासलं जातं. जाण्यायेण्याचे दोन तास. त्याआधी एकदा त्या विद्यार्थ्याला भेटायचं. त्याचा बोलण्याचा वेग केवढा, विषयातले कोणते शब्द अडतील, आकृतीचा प्रश्न आला तर काय करायचं, हे ठरवून घ्यायचं. बेरीज आठ-नऊ तासांवर जाते, आणि ती एकाच पेपरची असते.

बेरीज बघून काही जण उठून जातात. मला त्यांचा राग येत नाही. खरं सांगून गेलेला माणूस परीक्षेच्या दिवशी सकाळी पावणेसातला ‘जमत नाही’ असा मेसेज टाकून जाणाऱ्यापेक्षा कितीतरी चांगला. जे बसून राहतात त्यांचे चेहरे मात्र मी नीट बघून घेते. पुढचे काही महिने ती माणसं माझ्या जबाबदारीवर असतात.

ही जबाबदारी माझी आहे, हे मला उशिरा कळलं. पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. बारावीच्या पेपरला एका अंध मुलासाठी अकरावीतली एक मुलगी लेखनिक म्हणून गेली. दोन बस बदलून, वेळेआधी. केंद्रावर तिच्या नावाचं पत्र पोचलेलं नव्हतं. लेखनिक पुरवणाऱ्या आमच्याच गटाकडून अर्ज उशिरा गेला होता. तिला व्हरांड्यात उभं केलं. आत तो मुलगा कोरी उत्तरपत्रिका समोर ठेवून बसलेला, बाहेर ही रडकुंडीला आलेली. चाळीस मिनिटांनी परवानगी मिळाली. पेपर झाला, ती घरी गेली. त्यानंतर आम्ही तिला फोन केला तो तब्बल तीन आठवड्यांनी, आणि तोही दुसऱ्या परीक्षेला येशील का, हे विचारायला. फोन तिच्या आईनं घेतला. म्हणाली, “ताई, ती त्या दिवशी जेवली नाही. आपल्यामुळे त्या मुलाचे मार्क गेले असं तिला वाटत राहिलं. तुम्ही कुणी साधं विचारलंसुद्धा नाही.”

ती मुलगी परत आली नाही. ‘हल्ली मुलं टिकत नाहीत’ असं मी तोवर कितीतरी वेळा म्हणाले होते. त्या फोननंतर ते वाक्य माझ्या तोंडून पुन्हा निघालं नाही.

आपल्याकडे स्वयंसेवेवर जे लिहिलं जातं ते बहुतेक वेळ देणाऱ्यांबद्दल असतं. त्यांची तळमळ, त्यांचा त्याग, त्यांचे सत्कार. बोलावणाऱ्यांबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. तुमच्या हातातलं हे पुस्तक त्या बाजूनं लिहिलेलं आहे. रक्तदान शिबिरं भरवणारे, डोंगरात अडकलेल्यांना खाली आणणारे, वस्तीत अभ्यासिका चालवणारे, सरकारी रुग्णालयाच्या आवारात नातेवाइकांना जेवण पोचवणारे, अशा माणसांनी आपण लोकांना कसं बोलावलं, कसं सांभाळलं आणि कुठे चुकलो, हे यात सांगितलं आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. असं वर्ष याआधी २००१ मध्ये पाळलं गेलं होतं. या निमित्तानं स्वयंसेवकांचं कौतुक पुष्कळ होईल आणि ते व्हायलाच हवं. हे पुस्तक कौतुकाच्या आदल्या आणि नंतरच्या दिवसांबद्दल बोलतं.

पश्चिम महाराष्ट्रात इर्जिक घालायची रीत होती. कुणाची नांगरट मागे पडली, कुणाचा बैल गेला, कुणाच्या घरात कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, की गावातले शेतकरी आपापली औतं घेऊन त्याच्या रानात उतरायचे आणि एका दिवसात रान उलथून द्यायचे. मजुरीचा प्रश्नच नसे. पण जेवण असे, आणि ते उरकायचं म्हणून केलेलं नसे. ज्यानं बोलावलं त्याच्या घरची चूल पहाटेपासून पेटलेली असे. माणसांना पोटभर, बैलांना वैरण. कोकणात आणि मावळात भातलावणीला सावड चालते: आज सगळे माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यात पडकई आहे. डोंगरउतारावर बांध घालून आळीपाळीनं एकमेकांची भातखाचरं घडवायची. या सगळ्या रीतींमध्ये मला एक गोष्ट सारखी दिसते. हाक मारणाऱ्यावर आलेल्या माणसाचं काहीतरी करायचं बंधन असतं. जेवण, परतफेड, नाहीतर दोन्ही.

आपल्याच भाषेत ‘घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं’ हेही आहे. मी कॉलेजात असताना वडिलांनी ते मला कितीदा ऐकवलं असेल. तेव्हा लागायचं, आता वाटतं, त्या वाक्प्रचारात स्वयंसेवकाची एक खरी तक्रार साठवलेली आहे. लष्कर भाकऱ्या खातं आणि पुढच्या मुक्कामाला निघून जातं. भाजणारीचं नाव त्याला ठाऊक नसतं, तिच्या हाताला चटका बसला का हे कुणी बघत नाही. इर्जिकीतला माणूसही घरचं काम सोडूनच आलेला असतो. पण संध्याकाळी ज्याच्या ओट्यावर तो जेवतो, तो त्याला नावानं ओळखत असतो.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक कामाचा इतिहास याच नजरेनं पुन्हा वाचावा असं मला वाटतं. २४ सप्टेंबर १८७३ ला जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढच्या दुष्काळात समाजाच्या माणसांनी उपाशी मुलांसाठी अन्नाची सोय केली. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई स्वतः गेल्या, १० मार्चला. राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली तीही २४ सप्टेंबरलाच, १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात. सुरुवातीला ३७ विद्यापीठांत आणि ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन. दोन तारखा जुळल्या हा योगायोग आहे, पण वर्गात सांगितला की मुलं तो विसरत नाहीत. गाडगेबाबा गावात शिरले की आधी हातात झाडू घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. तुकडोजी महाराजांनी श्रमदानाला सामुदायिक प्रार्थनेची जोड दिली. १९४१ साली सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखेला ठरलेली वेळ होती, ठरलेलं मैदान होतं, गाणी होती. सोमनाथला बाबा आमट्यांच्या श्रमसंस्कार छावणीत ऐन मे महिन्यात मुलं घाम गाळायची आणि उरलेला दिवस ऐकायची, बोलायची, भांडायची. या सगळ्यांनी माणसाला काम तर दिलंच. बसायला जागा दिली, सोबत दिली, मनात घोळवायला काही दिलं.

म्हणजे जुन्या काळी सगळं आपसूक होत होतं, हे खरं नाही. कुणीतरी ते घडवत होतं.

आता जे बदललं त्याकडे येते. सगळ्यात जास्त बदलला आहे तो वेळ. पूर्वीचा पूर्णवेळ कार्यकर्ता कसा जगत होता, हे आपण फार हळुवारपणे सांगतो. तो महिना महिना दौऱ्यावर असे, त्याच्या घरात केव्हाही दहा माणसं जेवायला येत. पण त्या घरात भाकरी कोण थापत होतं, भाडं कुणाच्या पगारातून जात होतं, मुलांच्या तापात रात्र कोण जागवत होतं? अनेक घरांत त्याची बायको शिक्षिकेची नोकरी करून संसार ओढत होती. तिचं नाव स्मरणिकेच्या ऋणनिर्देशात एका ओळीत येतं. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं दिसलं. पुरुषांचा ९७ मिनिटं. पाच तास आणि दीड तास. स्वयंसेवेला वेळ कुणाकडे उरतो आणि कुणाच्या जिवावर उरतो, हे त्या दोन आकड्यांत वाचता येतं. ‘पूर्वीसारखे कार्यकर्ते राहिले नाहीत’ असं कुणी हळहळलं की मला हे आठवतं. तो कार्यकर्ता ज्या घरावर उभा होता ते घर आता तसं उरलेलं नाही, आणि ते बदलायलाच हवं होतं.

आज माणसांकडे वेळाचे तुकडे आहेत. हिंजवडीत काम करणाऱ्याकडे शनिवारची सकाळ असते. बँकेतून निवृत्त झालेल्या काकूंकडे दुपारचे दोन तास, नातू शाळेतून येईपर्यंत. कॉलेजातल्या मुलाकडे सत्राच्या मधले पंधरा दिवस. परदेशातल्या आपल्या माणसांनी हे आधी ओळखलं. अमेरिकेतल्या मराठी शाळा कित्येक ठिकाणी पालकच सुट्टीच्या दिवशी चालवतात, आणि कोण कुठल्या आठवड्याला येणार याचा तक्ता आधीच ठरलेला असतो. तुकड्यांची गोधडी होते, पण शिवायला कुणीतरी बसावं लागतं. आमच्या गटात पुस्तकं ध्वनिमुद्रित करायचं काम घरी बसून, रात्री अकरानंतर करणारी माणसं आहेत. कुठलं प्रकरण कुणाकडे गेलंय, कुणाच्या मागे कुकरची शिट्टी ऐकू येते, कुणाचा घसा बसलाय, हे सांभाळणारी व्यक्ती एकच आहे. ती आजारी पडली त्या महिन्यात तीसजणांचं काम थांबलं.

वेळाचा तुकडा म्हणजे एक दिवसाची सहल असं मात्र समजू नये. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक नफ्यावरच्या कंपन्यांना सामाजिक कामावर दोन टक्के खर्च करणं बंधनकारक केलं, आणि त्याच सुमारास कर्मचाऱ्यांना स्वयंसेवेसाठी बाहेर काढायची पद्धतही वाढली. त्यातून चांगली कामं उभी राहिली आहेत. पण मला माहीत असलेल्या एका शाळेची एकच भिंत तीन वर्षांत तीन वेगवेगळ्या गटांनी रंगवली. मुख्याध्यापक बाई प्रत्येकाला चहा देत होत्या, फोटोत उभ्या राहत होत्या. त्यांना हवं होतं ते वेगळंच: दर गुरुवारी दुपारी, वर्षभर, सहावीच्या मुलांना अपूर्णांक शिकवणारा एक माणूस. भिंत रंगवायला आलेल्या दीडशे जणांत तो असणार होता. त्याला शोधायचं, तर त्या दिवशी कुणीतरी ब्रश बाजूला ठेवून सगळ्यांशी बोलायला हवं होतं.

मोठ्या संख्येनं माणसं बोलावूनही त्यांना नीट सांभाळता येतं, याचं अलीकडचं उदाहरण म्हणजे पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा. २०१६ साली वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत ती सुरू झाली आणि दोन वर्षांत ७५ तालुक्यांपर्यंत गेली. एप्रिल-मेच्या उन्हात ४५ दिवस लोक चर खणत होते, बांध घालत होते. १ मे २०१८ च्या महाश्रमदानाला शहरांतून हजारो माणसं गेली. स्पर्धेनं पाण्याचा प्रश्न किती सुटला, भूजलाचं काय झालं, यावर तज्ज्ञांनी वाद घातले आहेत आणि ते घालायला हवेत. मी बघते ती दुसरी गोष्ट. कुदळ हातात घ्यायच्या आधी प्रत्येक गावातून काही जणांना, त्यात स्त्रियाही, निवासी प्रशिक्षणाला बोलावलं होतं. समतल चर म्हणजे काय, उतार कसा मोजायचा, माथ्यापासून पायथ्याकडे का यायचं, हे त्यांना शिकवलं गेलं. शहरातून आलेल्या माणसाला गावात पोचल्यावर काय करायचं ते दाखवणारं कुणीतरी तिथलंच उभं होतं.

पुस्तकातलं डोंगरातल्या बचावकार्याचं प्रकरण मी दोनदा वाचलं, आणि त्यावर जरा थांबणार आहे. सह्याद्रीत गेल्या काही दशकांत गिर्यारोहकांच्या गटांनी जे उभं केलं आहे, त्याची पुरेशी जाणीव आपल्याला नाही. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, महाबळेश्वर ट्रेकर्स, महाड-खोपोलीकडची मंडळी. दिवसा दुकान, नोकरी, शेती बघणारी ही माणसं. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीला निघालेली बस आंबेनळी घाटात कोसळली. तीस माणसं गेली, एकच वाचला. शेकडो फूट खोल दरीत, पावसात, धुक्यात, दोरावर उतरून मृतदेह वर आणण्याचं काम या ट्रेकर्सनी केलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. वर गाडी जाणारा रस्ताच नव्हता. मदतीला निघालेल्यांनी अंधारात, मुसळधार पावसात, निसरड्या पायवाटेनं डोंगर चढला आणि यंत्रं पोचत नाहीत म्हणून हातांनी, फावड्यांनी चिखल उपसला.

अशा कामाला नुसतं धाडस पुरत नाही. दोर किती वापरला गेलाय याची नोंद ठेवावी लागते, जुना झाला की दिसायला ठणठणीत असूनही तो बाद करावा लागतो. स्ट्रेचर कसं बांधायचं, मणक्याला मार लागलेल्या माणसाला कसं उचलायचं, याचा सराव कुणी अडकलेलं नसताना करावा लागतो. या सगळ्याला पैसे लागतात, आणि पुष्कळदा ते सदस्यांच्या खिशातून जातात. मी एका बचाव गटातल्या मुलाला विचारलं की दरीतून आल्यावर घरी काय करतोस. म्हणाला, “दोन दिवस आईशी बोलत नाही. ती पण विचारत नाही. मग गटातले सगळे एकदा चहाला भेटतो आणि सगळं बोलून टाकतो.” तो चहा त्यांच्या प्रमुखानं ठरवून लावलेला आहे. प्रत्येक मोठ्या घटनेनंतर, न चुकता, कुणाला काही झालेलं दिसत नसलं तरी. स्वयंसेवकांचं मानसिक आरोग्य वगैरे शब्द तिथे कुणी वापरत नाही. पण त्या चहाच्या तोलाचं दुसरं काही मी मोठमोठ्या संस्थांमध्येही पाहिलेलं नाही.

रक्ताची गोष्ट वेगळ्या वाटेनं इथेच येते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर देशात पैसे देऊन रक्त घेणं १ जानेवारी १९९८ पासून बंद झालं. पोटासाठी रक्त विकणारा माणूस आजार लपवतो, त्याची स्वतःची प्रकृती ढासळत जाते आणि घेणाऱ्याच्या जिवालाही धोका होतो. इथे मोबदला काढून टाकणं हाच शहाणपणा होता. पण मग ऐच्छिक दात्यांना योग्य वेळी बोलावण्याची जबाबदारी आली. प्लेटलेट पाच दिवस टिकतात, तांबड्या पेशी पाच-सहा आठवडे. वाढदिवसाच्या एका शिबिरात हजार बाटल्या जमतात आणि मे महिन्यात कॉलेजं बंद असताना रक्तपेढ्यांत खडखडाट असतो. पुरुषाला पुन्हा रक्त द्यायला तीन महिने थांबावं लागतं, स्त्रीला चार. म्हणजे जानेवारीच्या उत्साहात सगळ्यांचं रक्त घेऊन टाकलं की मार्चला बोलवायला कुणी उरत नाही. चांगला शिबिर-संयोजक काही जणांना हात जोडून सांगतो, ‘तुम्ही आज नको, मे महिन्यात या.’ आलेल्या माणसाला परत पाठवणं फार अवघड असतं. जे हे करतात त्यांच्याबद्दल मला विलक्षण आदर आहे.

एका शब्दाबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा आल्या. त्यांना आपण ‘आशा स्वयंसेविका’ म्हणतो. महाराष्ट्रात त्या ७० हजारांच्या आसपास आहेत. गरोदर बाईला दवाखान्यात नेणं, बाळांच्या लसीकरणाचा हिशेब, क्षय-कुष्ठरुग्णांचा शोध, करोनात घरोघर सर्वेक्षण, हे सगळं त्यांनी केलं. जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२२ मध्ये देशातल्या आशांचा गौरव केला. त्याच्या आदल्याच वर्षी, जून २०२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या आशा मानधनवाढीसाठी संपावर गेल्या होत्या. जे काम रोज करावंच लागतं, ज्याची नोंदवही वरिष्ठ तपासतात, जे न केल्यास जाब विचारला जातो, ते काम स्वयंसेवा नव्हे. ती नोकरी आहे आणि तिला पगार हवा. अंगणवाडी सेविकांनाही वर्षानुवर्षं मानसेवी म्हटलं गेलं. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निर्णय दिला. स्वयंसेवेला बळ द्यायचं असेल तर तिच्या नावाखाली बायकांचे स्वस्त श्रम वापरणं आधी थांबवायला हवं. कुठलाही गट सुरू करताना हा प्रश्न विचारून घ्यावा: आपण फुकट करतोय त्या कामासाठी कुणाला पगारावर ठेवणं योग्य ठरलं असतं? आम्हाला लेखनिकांच्या कामातही तो टाळता आलेला नाही. लेखनिक मिळणं हा अंध विद्यार्थ्याचा हक्क आहे. तो आमच्या वहीतल्या फोन नंबरांवर अवलंबून असावा, ही गोष्ट मला अजून बोचते.

मी स्वतः या सगळ्यात शिरले ती किल्लारीमुळे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून गावं झोपलेली असताना, लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची घरं माणसांवर आली. हजारो माणसं गेली. मी तेव्हा सोलापूरला कॉलेजात होते. आठवड्याभरानं आमची तुकडी तिथे पोचली. पाऊस पडत होता. मला काम मिळालं कपडे निवडायचं. देशभरातून ट्रक भरभरून कपडे आले होते: पाचवारी नायलॉनच्या साड्या, गाऊन, स्वेटर, लहान मुलांचे फाटके फ्रॉक. त्या भागातल्या म्हाताऱ्या बायका नऊवारी लुगडं नेसणाऱ्या. ढीग चिखलात भिजत होता. एक आजी आली, ढिगाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, “लेकी, कापडं लई झाली. तवा हाय का?”

तवा नव्हता. धान्याची पोती होती, पीठ होतं, कपड्यांचा डोंगर होता. तिचा तवा घराखाली गेला होता, आणि तवा पाठवावा हे एवढ्या मोठ्या देशात कुणाला सुचलं नव्हतं, कारण तिला कुणी विचारलं नव्हतं. आम्ही पत्र्याचा एक तुकडा शोधून दिला. तिनं त्यावर भाकरी केली आणि पहिली मला दिली. मदतीला आलेली मी आणि जेवू घालणारी ती.

पुढे त्याच गावांमध्ये घरांच्या पुनर्बांधणीत स्वयं शिक्षण प्रयोगसारख्या संस्थेनं गावातल्याच बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. सरकारी योजना काय आहे ते गावाला सांगायचं आणि गाव काय म्हणतंय ते सरकारला. विचारायचं काम त्यांच्याकडे आलं. अलीकडे आपदा मित्र योजनेतून देशातल्या ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करण्याचं ठरलं. प्रशिक्षण, साहित्य आणि विमा यांसह. विमा हा शब्द सरकारी योजनेत आला याचं मला फार समाधान वाटतं. पुरात बोट घेऊन जाणाऱ्या पोराचं काही बरंवाईट झालं तर त्याच्या घरच्यांचं काय, हा प्रश्न आपण वर्षानुवर्षं देवावर सोडला होता.

या पुस्तकातली जवळजवळ सगळी माणसं एका ठिकाणी येऊन अडखळतात, आणि ते ठिकाण पैशाचं आहे. स्वयंसेवक पैसे घेत नाही, म्हणून स्वयंसेवेला पैसे लागत नाहीत असं देणगीदार धरून चालतात. बसभाडं, चहा, सराव, दोर, विमा, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे हे सगळं जुळवून आणणाऱ्या एका माणसाचा पगार. हे खर्च ‘प्रशासकीय’ या रकान्यात पडतात आणि तो रकाना कुणालाच आवडत नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. गैरवापर रोखायला हवा, यात वाद नाही. पण संयोजकाचा पगार हा वायफळ खर्च नव्हे. राष्ट्रीय सेवा योजनेत मुलाला दोन वर्षांत २४० तास द्यायचे असतात. ते तास सत्कारणी लागतात की हजेरीपुरते उरतात, हे त्या कॉलेजातला कार्यक्रम अधिकारी ठरवतो. तो शिक्षक असतो, त्याचे तास असतात, पेपर तपासायचे असतात, आणि साधारण शंभर मुलांची एक तुकडी त्याच्या गळ्यात असते. त्याच्या शिकवण्याचा भार थोडा कमी केला, तर शंभर मुलांचे २४० तास वाचतील. ही साधी गोष्ट कुठल्याही विद्यापीठाला करता येईल आणि तिच्यासाठी कुठल्याही वर्षाची वाट बघायची गरज नाही.

पुस्तकातली प्रकरणं एका सुरात नाहीत. कुणी प्रमाणपत्रं द्यावीत म्हणतं, कुणाला ती नकोत. कुणी प्रवासखर्च दिलाच पाहिजे म्हणतं. एका ज्येष्ठ बाईंनी मात्र लिहिलंय की पाकीट हातात दिलं की आमच्याकडच्या बायका रागावतात. मी प्रवासखर्चाच्या बाजूची आहे. तो नाकारला, तर ज्याच्या खिशात बसचे पैसे आहेत तोच सेवा करू शकतो. पण पाकिटाऐवजी आधीच बसचा पास काढून द्यावा, ही त्यांची युक्ती मी लगेच उचलली.

ज्या मुलाचा पेपर त्या दिवशी चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाला होता, तो पुढे एमए झाला, बँकेत लागला. गेली सहा वर्षं परीक्षांच्या दिवसांत संध्याकाळी तो आमच्याकडे येतो. बोलणारा मोबाइल कानाशी धरतो आणि त्या दिवशी लेखनिक म्हणून बसलेल्या प्रत्येकाला फोन लावतो. तीनच प्रश्न विचारतो: नीट पोचलात का, काय अडलं, पुढच्या वेळी काय हवं. तो विचारतो, मी वहीत लिहिते. गेल्या मार्चमधलं एक पान माझ्यासमोर आहे. ‘पंखा बंद होता, हात घामानं ओला होऊन पेन निसटत होतं.’ ‘मुलगी फार छान सांगते, पुन्हा तिच्यासाठीच बसेन.’ ‘अर्थशास्त्राच्या आकृत्या आधी बघायला मिळाल्या तर बरं.’ ‘सकाळी आणि दुपारी लागोपाठ दोन पेपर, मध्ये खायला वेळ मिळाला नाही.’ या शेवटच्या ओळीपुढे त्यानं मला लाल शाईनं लिहायला लावलंय: उद्या डबा पाठवणे.